तिसऱ्या प्रकरणातलं कुंकू

…डाग पानाच्या मधोमध होता, करंगळीच्या नखाएवढा, कडेला फिका आणि आत जरा गडद; म्हणजे कुणीतरी बोट टेकवलं होतं आणि टेकवून क्षणभर तसंच ठेवलं होतं – अंबिकानं उशीला टेकवलेल्या मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी आणखी मोठा केला, तसा डागाचा नुसता तांबूस धूर झाला आणि तिला तो परत लहान करावा लागला. दुसरा हात मोकळा नव्हता. त्या हाताच्या घडीत मनू होती, दूध पिता पिता निम्मी झोपलेली, आणि निम्म्या झोपेतही नुकत्याच आलेल्या दातांनी मधूनच चावून आपण जागे आहोत हे कळवणारी. चावली की अंबिकाचा श्वास अडकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्यातून तिला तो डाग पुन्हा दिसायचा. कुंकू. हरताळ नव्हे. जुने लेखक चुकलेलं अक्षर खोडायला पिवळी हरताळ फासायचे, तसलीच ही खूण असणार, असं तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी, निटूरकर सरांनी, पहिल्याच भेटीत मान हलवून सांगितलं होतं. पण हरताळ अक्षर झाकायला लावतात, आणि ह्या डागाखालचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं. कुणालाही काही झाकायचं नव्हतं. उलट कुणालातरी दाखवायचं होतं. कुणाला? स्वतःलाच, बहुतेक.

लातूरजवळच्या मुरुडच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी तिला ही हस्तलिखित पोथी मिळाली होती. सुटी लांबट पानं, मधे ठळक अक्षरात संस्कृत श्लोक, वर-खाली बारीक अक्षरात त्याचा मराठी अर्थ. गोष्ट एका राणीची. राणीला एक ऋषी धर्म सांगतो, राणी ऐकते, आणि ऐकता ऐकता मधेच काहीतरी विचारते – हे तुम्ही पाहिलंय का, ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी बाई होती का – आणि ऋषी दर वेळी प्रश्न सोडून दुसरंच काही सांगत राहतो. कुंकवाचे डाग होते ते राणीच्या प्रश्नांपाशी. अध्याय संपतो तिथं नव्हते. तिथं तर वाचून झाल्यावर हळदकुंकू वाहतातच, तिथं असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हे मधेच होते, ओळीवर. एवढ्या आधारावर अंबिकानं प्रबंधाचं तिसरं प्रकरण उभं केलं होतं: ह्या घरातल्या बायकांनी पोथी नुसती ऐकली नाही, नुसती पुजली नाही, वाचली. आणि वाचताना जिथं राणी तोंड उघडते तिथं बोट ठेवलं.

ते प्रकरण तिनं एका अंगठ्यानं लिहिलं होतं, मोबाइलवर, मनूला मांडीवर घेऊन. मनू झोपली की एक परिच्छेद, मनू उठली की पूर्णविराम. काही वाक्यं तर मनूच्या पाठीवर थोपटण्याच्या तालात आली होती आणि तिला ती सगळ्यात आवडायची.

आज नांदेडला, विद्यापीठात, समितीपुढं हे सगळं मांडायचं होतं. समितीनं मान डोलावली की प्रबंध दाखल करता येणार. आणि काल संध्याकाळी सरांचा फोन – तिसरं प्रकरण काढून टाका.

"अंबिका मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले होते, त्यांच्या त्या मऊ, जेवणावर ताक प्यायल्यासारख्या आवाजात, "बायकांनी पोथी वाचली नाही हो. पुजली. त्यात कमीपणा आहे का काही? तुम्ही उगाच त्यांना विदुषी करायला निघालात. आई झाल्यावर माणूस जरा हळवं होतं, चालायचंच. पण प्रबंधात नको."

चालायचंच... दर चर्चासत्रात हा माणूस प्राचीन काळातल्या दोन विदुषींची नावं घेतो. दोनच, नेहमी त्याच दोन, भाड्यानं आणलेल्या समयांसारख्या. व्यासपीठाच्या दोन बाजूंना ठेवायच्या, पेटवायच्या, टाळ्या झाल्या की पुसून परत द्यायच्या. मधल्या हजार-दोन हजार वर्षांत काय झालं हे विचारलं की "तो एक स्वतंत्र विषय आहे" असं म्हणून चष्मा पुसतो. त्याच्या घरी चहा आतून येतो, दारापर्यंत ट्रे आणि ट्रेमागे दोन हात, आणि हा सांगतो, "आमच्या हिचंही एम.ए. झालंय बरं का, संस्कृतच," – फ्रिजला अजून गॅरंटी आहे म्हणून सांगावं तसं.

खरं तर ह्या विषयात अंबिकाला कुणाबद्दलच आदर उरला नव्हता. शास्त्र्यांबद्दल नव्हता: बाई शिकली की नवरा मरतो असं सांगायचे आणि नवरा मेला की तिच्याच हातात पोथी द्यायचे, घे, वाच आता, आता तुझं काय व्हायचं राहिलंय. सुधारणावाल्यांबद्दल नव्हता – बायकांना वाचायला शिकवा, म्हणजे परगावच्या नवऱ्याचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यायला नको. जणू बाई म्हणजे टपालपेटी, फक्त आतून उघडणारी. आणि बायकांबद्दल... बायकांबद्दल तर सगळ्यात कमी. भावाला शिकवायला शास्त्री येतात, बहीण दाराआड उभी राहून भावाच्या आधी पाठ करते, आणि म्हातारपणी कुणी विचारलं तर म्हणते, आम्हा बायकांना काय कळतंय. हे एक वाक्य तिला जुन्या आठवणींत, मुलाखतींत, कुठं कुठं इतकं भेटलं होतं की भेटलं की त्या बाईचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. कळतंय गं तुला. कळत होतं, आणि न कळल्याचं सोंग करून तू माझी पंचाईत करून गेलीस. तुझ्या त्या सोंगावर निटूरकर आज प्रोफेसर आहेत.

आणि आताच्यांबद्दल? इथं लातुरात डॉक्टर व्हायला न निघालेलं पोर म्हणजे घरातलं दुखणं. अंबिका संध्याकाळी दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवायची, कारण संस्कृत म्हणजे पैकीच्या पैकी. परवाच पुनम नावाची एक आई सांगून गेली, "मॅडम, अर्थ नका सांगत बसू, टाइम जातो. पाठ करून घ्या फक्त." दोनशे वर्षांपूर्वी बायकांना अर्थ सांगत नव्हते, तो अन्याय होता, आता बायकाच येऊन सांगतात की अर्थ नको – ह्याला काय म्हणायचं, ते तिला प्रबंधात कुठंच बसवता आलं नव्हतं.

"काय करायलीस गं आत? चहा गार व्हायलाय," स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला.

सासू म्हणजे शांतम्मा, माहेर उदगीरच्या पलीकडचं, कानडी आणि मराठी एकाच घासात बोलणारी. अंबिका त्यांना आत्या म्हणायची. अंबिकाचा नवरा सत्यम सोयाबीनच्या खरेदीसाठी रेणापूरला गेलेला, म्हणून मनूला सांभाळायला आज आत्या बरोबर येणार होत्या; कालपासून त्यांनी दशम्या बांधून ठेवल्या होत्या, जणू नांदेड म्हणजे काशी.

अंबिका मनूला खांद्यावर टाकून आत आली तेव्हा शांतम्मांची पूजा उरकत आली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, ओले केस, आणि पुढ्यात लाल फडक्यातून सोडलेली छापील पोथी – हीदेखील सुट्या पानांची, कडा कुरतडलेल्या. त्यांच्या हातात तुराटीची काडी होती, घासून गुळगुळीत केलेली.

"बस जरा. तुजं काम हुतंय का न्हाई बगू दे."

"आत्या, बस जाईल."

"जाऊ दे की. नांदीडला काय एकच बस हाय व्हय?"

शांतम्मांनी डोळे मिटले, कौल घ्यायला काडी पानांच्या गठ्ठ्यात खुपसली, जिथं गेली तिथलं पान उघडलं आणि काडीचं टोक टेकलेल्या ओळीवरून बोट चालवायला सुरुवात केली. त्या एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारून वाचायच्या, तांदळातले खडे निवडल्यासारखं. अंबिका चहाचा घोट घेत भिंतीला टेकली. हे असलं बघितलं की तिच्या ओठांच्या कोपऱ्यात आपोआप काहीतरी यायचं, हसू म्हणता येणार नाही असं. हीच ती, तिला वाटलं, निटूरकरांची लाडकी बाई. पोथीला देव करणारी. पोथीपुढं काडी घेऊन बसणारी.

"तळं आटलं म्हनं," शांतम्मा म्हणाल्या. "हॅट." आणि काडी काढून घेतली.

"काय झालं?"

"कामाची न्हाई ही." पुन्हा डोळे मिटून काडी खुपसली, पुन्हा अक्षरं. "राजा वनात चाललाय. जा बाबा. हिकडं आमची बस चुकायली आन् ह्यो वनात चालला." तिसऱ्यांदा काडी. ह्या वेळी बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, परत सुरुवातीला आलं, आणि शांतम्मांनी मान वर केली. "हां. ही ब्येस हाय. ती बाई म्हनायली त्या साधूला, का म्हनून भिऊ मी. घे." त्यांनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि त्या ओळीवर टेकवलं; टेकवलं, आणि क्षणभर तसंच ठेवलं.

पानाच्या मधोमध. करंगळीच्या नखाएवढं.

अंबिकानं कप खाली ठेवला. मनूला एका बाजूला घेऊन ती पोथीपुढं बसली आणि पानं उलटू लागली, विचारता विचारता, आवाज साधा ठेवत, "हे बाकीचे डाग कुणी लावलेत, आत्या?" – कारण डाग होते, कितीतरी, काही लाल, काही विटकरी, काही नुसते तांबूस, सगळे मधेच, सगळे ओळीवर. एवढी वर्षं ही पोथी ह्या घरात, तिच्या चहाच्या कपापासून हातभर अंतरावर होती. तिनं ती एकदाही उघडली नव्हती. छापील, घरगुती, चुकीच्या छपाईची पोथी. हिच्यात बघायचं काय?

"म्याच की. माज्या सासूनं बी लावलेत. सत्यमची बारावी हुती तवा, बोअर पाडायचं हुतं तवा, तुजं बाळंतपन अडलं तवा. पावली की कुंकू लावावं लागतंय. न्हाईतर पुन्ना इचारायला तोंड ऱ्हात न्हाई."

"आणि वाईट आली तर?"

"वाईट कशाला घिऊ?" शांतम्मांनी फडकं आवळत तिच्याकडं पाहिलं, एवढी शिकलेली पोरगी आणि हे विचारते अशा नजरेनं. "काडी काढायची, परत घालायची. पोथीला काय कळतंय आपल्या घरचं?"

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मनू शांतम्मांच्या मांडीवर, अंबिकाच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी. तर असं. काडी. वाचन नव्हे. मुरुडच्या त्या घरातली कुणी बाई पोर तापलं म्हणून, सवत येणार म्हणून, म्हैस हरवली म्हणून पोथीत काडी घालून बसली, आणि काडी गेली तिथं कुंकू लावून उठली. राणी काय विचारते ह्याच्याशी तिला काय करायचं होतं? आणि मी – मी एम.ए.ला पहिली आलेली, मी त्या बाईच्या हातात भिंग दिलं, तिच्या कपाळावर आठी दिली, तिला दिव्याजवळ बसवून प्रश्नाखाली खूण करायला लावली. मी तिला माझं नाक-डोळे दिले. निटूरकर म्हणाले ते... पण नाही. निटूरकर काहीच म्हणाले नव्हते. त्यांना काडी माहीत नव्हती. त्यांनी हरताळ म्हणून टाकलं होतं आणि मग, ते टिकलं नाही तेव्हा, हळवं म्हणून टाकलं होतं. त्यांचं उत्तर बरोबर येत होतं आणि त्यांना गणितच ठाऊक नव्हतं.

आणि ह्यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट ही होती की प्रकरण सुरक्षित होतं. त्या समितीतल्या एकाही माणसानं बाईला देव्हाऱ्यापुढं काडी घालताना बघितलेलं नसणार. बघितलं असलं तरी वर्तमानपत्र खाली न करता. ती आज छातीठोकपणे तिसरं प्रकरण मांडू शकत होती, ते नाक मुरडू शकत होते, पण खोडू शकत नव्हते. त्यांच्या अडाणीपणाच्या भिंतीआड तिचं खोटं मजेत नांदलं असतं. आणि काढून टाकलं तर? तर सर सगळ्यांसमोर म्हणतील, मॅडमनी ऐकलं, समजूतदार आहेत. मॅडम आई आहेत.

चाकूर मागं पडलं. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं मागं वळून मनूच्या गालाला हात लावला. "कुठं निघालाव म्हनं?"

"नांदीडला. सून डाक्टर व्हायलीया," शांतम्मा म्हणाल्या.

"बाई बाई. कशाची हो?"

"पोथीची."

त्या बाईनं अंबिकाकडं जरा काळजीनं पाहिलं. "पोथीला काय झालं?"

"तेच बगायला चाललाव की," शांतम्मा म्हणाल्या, आणि दोघी इतक्या खळखळून हसल्या की मनू दचकली आणि मग तीही हसायला लागली, नवे दोन दात दाखवत, त्यांच्या हसण्यात आपलं काहीतरी आहे अशा खात्रीनं. अंबिका हसली नाही. हसणाऱ्या तोंडांकडं बघत तिला वाटलं, ह्या बायकांना त्याचं काही नाही. पोथीचं ह्यांना काही म्हणजे काही नाही.

"आत्या, ती सकाळची ओवी काय होती?"

"कुटली?"

"ती... का म्हणून भिऊ."

"काय की गं." शांतम्मांनी दशमीचा तुकडा मोडून मनूच्या मुठीत दिला. "काम झालं तिचं."

काम झालं तिचं. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली, माणसं चढली-उतरली, आणि अंबिका त्या तीन शब्दांपाशीच बसून राहिली. भक्ती नव्हती ह्यात. पुजली म्हणणारा निटूरकर इथंही चुकत होता – पुजणारी बाई देवाला हॅट म्हणत नाही. पोथीला काय कळतंय आपल्या घरचं... आणि मग, बस हलता हलता, ते तिच्या मनात एकदम उजेडासारखं आलं: पण आत्यांनी तळं नाकारलं. राजा नाकारला. नाकारायचं तर आधी वाचावं लागतं. काडी आंधळी असेल, बोट आंधळं नव्हतं. बोट ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन परत आलं होतं. वाईट कशाला घेऊ – हे तर निवडणं झालं, हा तर टीकाकाराचा धंदा. मुरुडच्या त्या बायकांनीही काढून काढून, घालून घालून, शेवटी राणीच्या प्रश्नांपाशीच कुंकू लावलं असेल, कारण संबंध पोथीत त्यांच्या कामाचं तेवढंच होतं. म्हणजे प्रकरण पडलं नाही. म्हणजे प्रकरण आणखी...

तिनं मोबाइल काढला, अंगठा भराभर चालू लागला. निवड. नकार. पोथीचा अधिकार न मानणारं वाचन. दोन वाक्यं झाली, तिसरं सुरू झालं, आणि मधेच अंगठा थांबला.

पहिली ओवी आली: बायका विदुषी होत्या. ती सकाळी मोडली. दुसरी आली: बायका अडाणी होत्या. ती मला घ्यायची नाही. आता ही तिसरी, ही ब्येस हाय, हिला कुंकू लाव... मी वेगळं काय करतेय? इतकी वर्षं मी पुराव्यांच्या गठ्ठ्यात डोळे मिटून काडी खुपसतेय आणि मनासारखं आलं नाही की काढून घेतेय. फरक एवढाच की आत्या हे हसत करतात आणि मी तळटीपा देऊन करते. त्या बायकांना कळत होतं, असं सिद्ध व्हायला मला हवं होतं. का हवं होतं? त्यांच्यासाठी? त्या तर केव्हाच माती झाल्या, त्यांचं काही अडलं नव्हतं. मला त्या बायकांची लाज वाटत होती. निटूरकरांच्या घरी माझी आई बशीतून फुर्रकन चहा प्याली तेव्हा वाटली होती तशी. म्हणून मी त्यांना धुऊन-पुसून, संस्कृत शिकवून, चार माणसांत नेण्याजोगं करत होते. त्याच चार माणसांत – ज्यांना मी कवडीची किंमत देत नाही म्हणते.

बाहेर तुरीची शेतं सरकत होती. मनू दशमी चोखता चोखता झोपली होती. दशमीचा ओला तुकडा तिच्या हनुवटीला चिकटला होता. अंबिकानं तो बोटानं हळूच काढला आणि काय करावं न सुचून स्वतःच खाऊन टाकला.

विद्यापीठातल्या त्या सभागृहात पंखे होते आणि पंख्यांच्या आवाजावर बोलण्याची सवय असलेले आवाज होते. शांतम्मा मनूला घेऊन व्हरांड्यात बसल्या. निटूरकर सर दारातच भेटले, इस्त्रीच्या कपड्यांत, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे.

"काढलंत ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बघते, सर."

"बघू नका. काढा. बाहेरून आलेले तज्ज्ञ फार कडक आहेत. मी तुमच्या बाजूनंच आहे."

तिची पाळी आली. पहिलं प्रकरण, दुसरं प्रकरण. ती बोलत होती आणि आवाज ठीक येत होता, तो नेहमीचा, किंचित धारेचा आवाज, जो ह्या असल्या खोल्यांसाठी तिनं घासून घासून तयार केला होता. पुराणिक येतो, मंदिरात बसतो, बायका पुढ्यात कापूस घेऊन ऐकायला बसतात; श्लोकाचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचेल तेवढाच पोचतो... तज्ज्ञांनी मधेच पेन वर केलं.

"एक सांगा, मॅडम. ह्या बायका ऐकायच्या, की वाती वळायच्या?"

सभागृह हसलं. निटूरकर सर सगळ्यात आधी हसले, आणि अंबिकाही हसली – तिला ते ऐकू आलं, स्वतःचं हसणं, बरोबर त्यांच्या मापाचं, एक श्वास उशिरा सुरू होऊन त्यांच्याबरोबर संपणारं. कितीदा हसली असेल ती असं. दर वेळी आत काहीतरी फणा काढायचं, हे कोण मला हसणारे, ह्यांना काय येतं. आणि त्या फण्याच्या जोरावर ती पुढचं वाक्य बोलायची. तेच तिचं बळ होतं. मनातल्या मनात ह्या सगळ्यांना पायपुसण्याएवढी किंमत द्यायची आणि मग त्यांच्यापुढं उभं राहायचं.

"दोन्ही करायच्या," ती म्हणाली. "हात रिकामे ठेवून ऐकायची सोय पुरुषांची."

कुणी हसलं नाही. तिनं बटण दाबलं. पडद्यावर तिसऱ्या प्रकरणाचं नाव आलं आणि खाली मुरुडच्या पानाचा फोटो.

"ते राहू द्या, मॅडम," निटूरकर सर खुर्चीतून म्हणाले, मऊपणे, समितीकडं बघून. "त्यावर अजून काम चालू आहे. पुढं घ्या."

बटणावर बोट होतं. पुढं घेतलं असतं तर चौथं प्रकरण होतं, शाळांचं, आकडेवारीचं, ज्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. व्हरांड्यातून मनूचं कुरकुरणं ऐकू आलं, मग शांतम्मांचं कानडीतलं काहीतरी, मग शांत झालं.

"ह्या खुणांचा मी एक अर्थ लावला होता," अंबिका म्हणाली. "तो आज सकाळी माझ्याच घरात मोडला. हे वाचन होतं की आणखी काही होतं, हे मला सांगता येत नाही. पण पुजणं नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी बघून आलेय. त्यामुळं हे प्रकरण मी काढणार नाही, आणि आहे तसं ठेवणारही नाही. मला ते परत लिहायचंय."

तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. निटूरकर सर हसले – रागानं नव्हे, दयेनं, मॅडमनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करून घेतलं तर आपण काय करणार, असं – आणि अंबिकानं ते हसू पाहिलं, नीट पाहिलं, आणि सवयीनं थांबून राहिली, आता ते येईल, तो फणा, ती जुनी गार धार, हे कोण मला हसणारे. आली नाही. तिनं आणखी जरा वाट पाहिली. समोर माणसं होती, इस्त्रीची, चष्म्याची, चांगली खाऊन-पिऊन असलेली, आणि त्यांनी मान डोलवावी असं तिला वाटत नव्हतं, आणि वाटत नसल्यामुळं त्यांची तिला कीवही येत नव्हती, रागही येत नव्हता. नुसती माणसं होती. हे असं झालं तर बोलायचं कशाच्या बळावर... तिला भीती वाटली, अगदी स्वच्छ, सकाळच्या पाण्यासारखी. घसा मोकळा होता. धार नसलेला आपला आवाज कसा असतो, हे तिला आठवत नव्हतं.

"बोला, मॅडम," कुणीतरी म्हणालं.

तिनं तोंड उघडलं.